खोल डाइव्हच्या आधी कोर्स करा, बेळगावच्या पोरांना विनंती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी झाली की आंबोलीच्या रस्त्यावर केए २२ च्या गाड्या सुरू होतात ते मे संपेपर्यंत. शिनोळीवरनं चंदगडच्या बाजूनं आंबोली, खाली सावंतवाडीत चहा, रात्री मालवणला मुक्काम, सकाळी किल्ल्याजवळ स्कुबा (पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरणं), दुपारी माशाचं ताट आणि रात्रीपर्यंत परत घरी. शहापूर, वडगाव, टिळकवाडी, येळ्ळूर, खानापूर, निपाणी, कुठल्याही गल्लीत विचारा, स्कुबा करून आलेला एकजण तरी सापडतोच. चांगली गोष्ट आहे, मी स्कुबाच्या विरोधात अजिबात नाही, मला समुद्र फार आवडतो आणि आपली पोरं पाण्याला भीत नाहीत याचा मला अभिमान आहे. मी बेळगावात पोरांना पोहायला शिकवतो आणि मी स्वतः तारकर्लीला ओपन वॉटर हा स्कुबाचा पहिला कोर्स आणि नंतर अंदमानात ॲडव्हान्स्डचा पुढचा कोर्स केलाय, म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

कारण असं की मागच्या महिन्यात माझ्याकडं पोहायला शिकलेला एक पोरगा आला आणि म्हणाला, "सर, तीस मीटरला घेऊन जाणारा कोण ओळखीचा हाय काय? कोर्स बिर्स नको, तेवढी सुट्टी नाही, मी मालवणला दोनदा करून आलोय की." मी म्हटलं अरे तीस मीटर म्हणजे काय माहीत आहे का, तर म्हणाला, "काय होत नाही ओ सर, गाईड असतोयच की धरून." आणि हा एकटाच असं विचारणारा नाही. मुर्डेश्वरजवळचं नेत्राणी बेट, गोव्यातलं ग्रँड आयलंड, आणि आता विमानानं अंदमान, सगळीकडं पोरं जायला लागलीत आणि प्रत्येकाला गेल्या वेळपेक्षा जास्त खोल जायचंय.

मालवणला आपण जे करतो त्याला ट्राय डाइव्ह म्हणतात. पाच-सात मीटर खोली, पंधरा-वीस मिनिटं, आणि एक माणूस पूर्ण वेळ तुमचं सिलिंडर मागनं धरून असतो. पाण्यात वर-खाली व्हायला घातलेल्या जॅकेटमधली हवा तोच भरतो, तोच सोडतो, किती हवा शिल्लक आहे ते तोच बघतो. तुमचं काम फक्त तोंडानं श्वास घेत राहायचं आणि कॅमेऱ्याकडं बघायचं. अनुभव म्हणून झकास आहे, पण डायव्हिंगचा एकही निर्णय त्यात तुम्ही घेतलेला नसतो. असं दोनदा केलं काय आणि दहादा केलं काय, खोल जायची तयारी त्यातनं होत नाही. म्हणूनच कोर्स न केलेल्या माणसाला १२ मीटरच्या खाली न्यायचं नाही, ओपन वॉटरवाल्याला १८ मीटर, ॲडव्हान्स्डवाल्याला ३० आणि त्याच्याही पुढं डीपचं वेगळं ट्रेनिंग घेतलेल्याला ४० मीटर, असे आकडे ठरलेले आहेत. ४० च्या खाली हौशी माणसाचं डायव्हिंग संपतं, तिथनं पुढचा धंदा वेगळा, गॅस वेगळे, तयारी वेगळी.

आता आपल्या पोरांबद्दल एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे, कारण ही आपल्याकडचीच आहे. आपल्या तालुक्यातली बहुतेक पोरं विहिरीत पोहायला शिकली. पाठीला डबा बांधून बापानं किंवा काकानं ढकलून दिलं, नंतर काठावरनं सूर मारायचा, तळातला दगड काढून दाखवायची पैज. तीस-चाळीस फूट खोल विहिरीच्या तळाला जाऊन येणारी पोरं मी बघितलीत, दम छान असतो त्यांचा. या पोरांना वाटतं आपण तर दहा मीटर श्वास रोखून जाऊन येतो, मग पाठीवर हवा असल्यावर काय अडचण. पण नेमकं इथंच उलटं आहे, आणि हे कोणी नीट समजावून सांगत नाही.

विहिरीत उडी मारताना तुम्ही श्वास वर घेतलेला असतो. समजा छातीत ६ लिटर हवा आहे. पाण्यात दर १० मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो, म्हणजे १० मीटरला दाब दुप्पट, तर ती ६ लिटरची हवा दाबून ३ लिटर होते, आणि तुम्ही वर आलात की परत ६. जेवढी नेली तेवढीच परत आली, छातीला काही इजा नाही. स्कुबात मात्र तुम्ही श्वास खालीच घेता, आणि तोंडात धरलेला रेग्युलेटर तुम्हाला त्या खोलीच्या दाबाइतकीच दाबलेली हवा देतो, नाहीतर तुम्हाला श्वास ओढताच आला नसता. म्हणजे १० मीटरला छातीत ६ लिटर हवा भरली आणि विहिरीतल्या सवयीप्रमाणं श्वास रोखून पाय मारत वर आलात तर ती हवा १२ लिटर व्हायला बघणार. छाती तेवढी फुगू शकत नाही, फुप्फुस फाटतं, हवा रक्तात शिरते, आणि ती मेंदूकडं गेली तर माणूस वर येऊन काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. हे व्हायला खोल पाणीसुद्धा लागत नाही, भरलेल्या छातीनं एक-दीड मीटर वर आलं तरी होऊ शकतं. आणि शेवटचे १० मीटर सगळ्यात वाईट, कारण ३० वरनं २० वर येताना हवा एक तृतीयांशनं फुगते पण १० वरनं वर येताना डबल होते.

म्हणजे घाबरल्यावर श्वास रोखायचा आणि जोरात वर यायचं, ही जी सवय आपल्या पोरांच्या अंगात लहानपणापासनं मुरलेली आहे, ती विहिरीत जीव वाचवते आणि स्कुबात जीव घेते. अंगात मुरलेली सवय किनाऱ्यावर पाच मिनिटं सूचना ऐकून जात नाही ओ. त्यासाठी कोर्समध्ये पाण्याखाली मुद्दाम मास्कमध्ये पाणी घेऊन ते बाहेर काढायला लावतात, तोंडातला रेग्युलेटर काढून परत शोधून लावायला लावतात, हवा बंद झाली असं समजून दुसऱ्याच्या जादा रेग्युलेटरवर श्वास घ्यायला लावतात, आणि प्रत्येक वेळी तोंडात रेग्युलेटर नसला की बारीक बुडबुडे सोडत राहायला लावतात. परत परत. कंटाळा येईपर्यंत. तेव्हा कुठं घाबरल्यावर हात बरोबर जागेवर जातो. पोहण्याचा मास्तर म्हणून सांगतो, चांगल्या पोहणाऱ्याला हे जास्त वेळ शिकवावं लागतं कारण त्याला आधी जुनं सोडायचं असतं.

हवेचा हिशोब तर फारच थोड्या लोकांना माहीत असतो. नेहमीचं ॲल्युमिनियमचं सिलिंडर साधारण ११ लिटरचं, त्यात २०० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण २०० पट दाबानं हवा भरतात, म्हणजे २२०० लिटर झाली. शांत माणूस मिनिटाला २० लिटर ओढतो असं धरलं तर वर बसून ती जवळजवळ दोन तास पुरेल. ३० मीटरला दाब चौपट, त्यामुळं तोच माणूस मिनिटाला ८० लिटर ओढतो, आणि ५० बार राखीव ठेवून त्याच्या हातात जेमतेम वीस मिनिटं राहतात. तेही शांत असला तर. नवखा माणूस धापा टाकतो, दुप्पट ओढतो, त्याचं दहा मिनिटांत आवरतं. डायव्हिंगमधल्या मृत्यूंचा ज्यांनी अभ्यास केलाय त्यांना सुरुवातीचं कारण म्हणून सगळ्यात जास्त वेळा काय दिसलं तर हवा संपली किंवा कमी पडली. यंत्र बिघडणं, मासा चावणं असलं काही नाही, माणसानं हवेचा काटा बघितला नाही. सहा मीटरवर काटा गाईड बघतो, तीस मीटरवर चार जणांना घेऊन उतरलेला गाईड तुमचा काटा दर मिनिटाला बघू शकत नाही, तो तुम्हालाच बघावा लागतो.

आणि बघितला तरी कळला पाहिजे. अंदमानात स्वराज द्वीपला आमच्या ॲडव्हान्स्ड कोर्सची डीप डाइव्ह होती. बोटीत बसल्या बसल्या इन्स्ट्रक्टरनं प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पाटी आणि पेन्सिल दिली, साध्या बेरजा, सगळ्यांनी पटापट लिहिल्या. मग २८ मीटरला वाळूवर गुडघे टेकून बसल्यावर परत तसल्याच बेरजा दिल्या. माझ्या शेजारचा माणूस बँकेत कॅशियर, आयुष्य आकड्यात गेलेला. १६ अधिक ७ कडं तो बराच वेळ बघत बसला, मग सावकाश २१ लिहिलं, आणि इन्स्ट्रक्टरला बोटाचा गोल करून एकदम खात्रीनं ओकेची खूण दाखवली. चेहऱ्यावर भीती नाही, गोंधळ नाही, उलट खुशीत होता. मी माझ्या हवेच्या काट्याकडं बघितलं, १२० बार दिसलं, पण १२० म्हणजे आत्ता निघायचं की अजून थांबायचं हे ठरवायला डोकं हळू चालत होतं हे मला जाणवलं, आणि जाणवलं ते फक्त असं होणार हे आदल्या दिवशी वर्गात सांगितलं होतं म्हणून. परत येताना २० मीटरच्या आसपास त्या माणसानं आपली पाटी आपणच वाचली आणि खोडून २३ केलं.

याला नायट्रोजन नार्कोसिस म्हणतात. हवेत पाच भागांतले जवळजवळ चार भाग नायट्रोजन असतो, वर तो काही करत नाही, पण ३० मीटरच्या आसपास त्याचा दाब इतका होतो की दारू प्यायल्यासारखी धुंदी चढायला लागते. कुणाला जास्त कुणाला कमी, आज एक तर उद्या वेगळी, आणि थोडं वर आलं की उतरते. इच्छाशक्तीनं ती टाळता येत नाही. धुंदीतल्या माणसाला आपल्याला धुंदी आली आहे हे समजत नाही हीच खरी अडचण, त्यामुळं पहिल्यांदा तीस मीटरला जाताना शेजारी असा कुणीतरी पाहिजे की जो तुम्हाला तपासायलाच आलाय, आणि तो प्रकार कोर्समध्येच होतो, सहलीत होत नाही.

नायट्रोजनचा दुसरा त्रास जास्त गंभीर आहे. दाबाखाली तो रक्तात आणि मांसात विरघळत जातो, आणि तुम्ही भरकन वर आलात किंवा जास्त वेळ खाली थांबलात तर बाहेर पडताना त्याचे बुडबुडे होतात. खांदा कोपर दुखणं, मुंग्या येणं, पाय बधिर, चक्कर, वाईट परिस्थितीत लकवा. एकोणिसाव्या शतकात नदीच्या तळाशी दाबाच्या पेटीत बसून पुलाचे खांब बांधणारे मजूर असेच वर येऊन वाकडे व्हायचे, कुणाला कारण कळेना. पॉल बेर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८७८ मध्ये नायट्रोजनचे बुडबुडे हे कारण दाखवलं, आणि १९०८ मध्ये ब्रिटनच्या हॉल्डेननं बकऱ्यांवर प्रयोग करून किती खोलीला किती वेळ आणि वर येताना कुठं किती थांबायचं याची पहिली कोष्टकं छापली. आजच्या नियमांचं मूळ तिथं आहे. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या कोष्टकात १८ मीटरला ५६ मिनिटं, ३० ला २० आणि ४० ला फक्त ९ मिनिटं दिलेली आहेत, त्याच्या आत निघायचं, मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेगानं वर यायचं नाही, आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं. हातात डायव्हिंगचा कॉम्प्युटर असला तरी तो काय सांगतोय हे शिकलेल्यालाच कळतं.

आता यापुढचं फक्त आपल्यासाठी, घाटावरच्या लोकांसाठी आहे आणि ते वाचून तरी कात्रण काढून ठेवा. डाइव्हनंतर लगेच विमानात बसू नये हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त किंवा सलग काही दिवस असतील तर १८ तास. पण हा नियम ठरवताना विमानातल्या हवेचा दाब ज्या उंचीवरच्या हवेइतका असतो ती उंची धरली आहे, साधारण ६०० मीटरपासून २४०० मीटरपर्यंत. आणि आपलं बेळगाव समुद्रापासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे! म्हणजे मालवणहून आंबोलीनं चढा, गोव्याहून चोर्ल्यानं चढा नाहीतर अनमोडनं, मुर्डेश्वरहून यल्लापूरच्या बाजूनं या, तुम्ही काही तासांत त्याच उंचीवर आलात जिला विमानाचा नियम लागतो, फक्त गाडीत बसून आलात म्हणून कुणाला सुचत नाही. इथं हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्के कमी असतो आणि अंगात राहिलेला नायट्रोजन बुडबुडे व्हायला तेवढं निमित्त पुरतं. किनारपट्टीवरच्या डायव्हिंगवाल्यांना हे लक्षात येत नाही कारण त्यांची बाकीची गिऱ्हाईकं घाट चढत असली तरी ट्राय डाइव्हची असतात. मालवणच्या पाच मीटरच्या पंधरा मिनिटांत नायट्रोजन नगण्य असतो, त्याला उगीच घाबरू नका. पण नेत्राणीला सकाळी दोन खोल डाइव्ह मारून संध्याकाळी घरी जेवायला यायचा बेत असेल तर तो बेत बदला, एक रात्र खालीच काढा. कोर्समध्ये उंचीचा हा धडा असतो, कोर्स न करता गेलेल्याला तो कुठून कळणार.

त्यात आपल्या सहलीची पद्धत. रात्री निघून गाडी चालवत जायचं, झोप नाही, पोहोचल्यावर प्यायला बसायचं, सकाळी अंगात पाणी कमी असताना तसंच बोटीत. सर्दी असली तरी पैसे भरलेत म्हणून उतरायचं. सर्दीत कान आणि नाकाच्या पोकळ्यांतला दाब जुळत नाही, कानाचा पडदा जाऊ शकतो. दमा, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, असं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, फॉर्मवर सगळीकडं नाही नाही अशी खूण करून सही ठोकू नका.

आणि घरी आल्यावर रात्री खांदा ठणकायला लागला, हाताला मुंग्या आल्या, तर घरचे म्हणतात गाडी चालवून आलाय, बाम लाव आणि झोप. नाही. लगेच दवाखान्यात जा आणि पहिल्यांदा सांगा की मी आज इतक्या मीटरला डायव्हिंग करून आलोय, कारण तुम्ही सांगितल्याशिवाय डॉक्टरांच्या डोक्यात ते येणार नाही. शुद्ध ऑक्सिजन हा पहिला उपचार आणि खरा उपचार दाबाच्या चेंबरमध्ये, म्हणजे हवेचा दाब वाढवलेल्या बंद खोलीत. कुठलं चेंबर जवळ आहे आणि चालू आहे हे डायव्ह सेंटरला उतरायच्या आधी विचारायचं असतं, ज्याला ते सांगता येत नाही त्याच्याबरोबर खोल जाऊ नका. किट लावून देणाऱ्याला बोटीत ऑक्सिजन आहे का हेही विचारा.

ओपन वॉटरला तीन-चार दिवस लागतात. थोडा अभ्यास, पोहण्याच्या तलावात सराव, मग समुद्रात चार डाइव्ह. २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं यायला पाहिजे, ते आपल्या पोरांना डाव्या हाताचा खेळ. त्यानंतर ॲडव्हान्स्डच्या पाच डाइव्ह, त्यात एक डीपची सक्तीची. फार लांब जायलाही नको, तारकर्लीला एमटीडीसीची स्वतःची संस्था आहे, ट्रेनिंगचा खोल टँक आहे. एका सहलीपेक्षा सुट्टी थोडी जास्त लागते, खर्चही जास्त आहे हे मान्य, पण दरवर्षी ट्राय डाइव्हवर घालवलेले पैसे जोडले तर फार अंतर राहत नाही. एकदा कार्ड मिळालं की ते जगात कुठंही चालतं. ज्या ठिकाणी कार्ड न बघता तुम्हाला २५-३० मीटरला न्यायला तयार होतात त्यांनी तुमच्यावर उपकार केले असं समजू नका.

बेळगावातल्या ट्रॅव्हलवाल्यांनाही सांगणं आहे की जाहिरातीत डीप स्कुबा असं लिहिता तेव्हा किती मीटर आणि कुठलं कार्ड लागेल हे तिथंच लिहा, आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची ठेवा. शहरातल्या तलावांच्या व्यवस्थापनाला आणि कॉलेजच्या जिमखान्यांना अशी विनंती की सीझन सुरू व्हायच्या आधी ऑक्टोबरात किनाऱ्यावरच्या एखाद्या प्रमाणित इन्स्ट्रक्टरला बोलवून वर्गातला भाग आणि तलावातला सराव इथंच घ्यावा, म्हणजे पोरांचे दोन दिवस वाचतील आणि समुद्राच्या डाइव्हपुरतंच खाली जावं लागेल. तलावात सराव घ्यायला कुणी तयार असेल तर पोहण्याच्या बाजूची सगळी मदत मी विनामूल्य करायला तयार आहे, आपल्या कार्यालयात माझा पत्ता दिलेला आहे.

आपला,
एक पोहण्याचा प्रशिक्षक, शहापूर, बेळगाव